ओल्या केसांना वळण

‘तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही,’ असे वचन मराठी माणूस सहज देऊन टाकतो. प्रत्यक्षात केसांना सगळ्यांत जास्त धक्के बसतात ते आपल्याच हातून, आणि तेही न्हाणीघरातून बाहेर आल्यावरच्या पहिल्या तासाभरात. ओल्या केसांवर टॉवेल खसाखसा घासायचा, मान वाकवून तो केसांवर सपासप आपटायचा, घाई असली तर बारीक दातांचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत एका दमात ओढायचा. सरळ केस हे कसेबसे सोसतात. कुरळे केस सोसत नाहीत. ते तुटतात, फुगतात, पिंजारतात. मग आरशासमोर उभी असलेली मुलगी म्हणते, ‘माझे केसच वाईट.’

केस वाईट नसतात, वागवणूक वाईट असते. कुरळ्या केसांना वळण लागते ते पाण्याने आणि केस सुकत असताना. त्या वेळी दाखवलेली सबुरी कुठल्याही यंत्रापेक्षा आणि औषधापेक्षा जास्त काम करते. ती कशी दाखवायची, हे आज जरा सविस्तर बोलू या.

गंमत पहा. आपल्याकडे कृष्णाचे वर्णन कुरळ्या कुंतलांशिवाय पुरे होत नाही. उर्दू शायरीतून जुल्फ आणि तिचे पेच काढून टाकले, तर निम्म्या गझला रिकाम्या पडतील. पैगंबरांचे केस अगदी सरळही नव्हते आणि फार कुरळेही नव्हते, अशी नोंद हदीसच्या ग्रंथांत जपून ठेवलेली आहे. म्हणजे वळणदार केसांचे कौतुक हिंदूंच्या घरी आहे आणि मुसलमानांच्या घरीही आहे. पण तेच केस वर्गातल्या एखाद्या मुलीच्या डोक्यावर आले, की तिला कुणी ‘मॅगी’ म्हणते, कुणी ‘झिपरी’. बघायला पाहुणे येणार असले की आई म्हणते, ‘जा, केस सरळ करून ये.’ हे दुखणे आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना त्यांच्या कुरळ्या केसांवरून शाळेत आणि नोकरीत इतका त्रास झाला, की कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली केसांच्या पोतावरून भेदभाव करण्यास बंदी करणारा कायदाच केला.

आता आपल्या गावाकडे वळू. हिंगोली जिल्ह्यातले आमचे नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मस्थान, कयाधू नदीच्या काठावरचे. नामदेव शिंपी समाजातले. कुठल्याही शिंप्याला विचारा, दोऱ्याचा गुंता कसा सोडवायचा? तो सांगेल, दोरा ओढू नका, ओढला की गाठ बसते. मोकळे टोक शोधा आणि तिथून मागे मागे या. केसांच्या बाबतीतही याहून वेगळा नियम नाही.

नामदेवांच्या घरी राहिलेल्या जनाबाई गंगाखेडच्या. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा होईपर्यंत नरसी आणि गंगाखेड ही दोन्ही गावे परभणी जिल्ह्यातच होती. जनाबाईंच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळतो, शेण्या वेचतो आणि तिची वेणीफणीही करतो. दिवसभर राबणाऱ्या बाईच्या डोक्यावरून कुणीतरी मायेने हात फिरवावा, गुंता सोडवावा, यापलीकडे सुखाची कल्पना ती काय करणार?

नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत, म्हणून नरसीला शीख भाविकही येतात. त्यांच्या पाच ‘क’कारांत केश आहे आणि त्याच्या जोडीला कंगा, म्हणजे लाकडी कंगवा आहे. केस न कापता वाढवायचे म्हटल्यावर ते रोज निगुतीने ठेवण्याचे साधनही धर्मानेच हातात दिले. केस आणि कंगवा यांची अशी फारकत न करण्यात मोठा व्यवहार आहे.

मुळात केस कुरळे का होतात? केस ज्या छोट्या पिशवीतून उगवतो, ती कुरळ्या केसांच्या बाबतीत त्वचेत सरळ उभी नसते, वाकडी असते. त्यामुळे केस बाहेर येतानाच वळून येतो. सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल दिसतो, कुरळ्याचा चपटा, लांबट गोल. डोक्याच्या कातडीतून सुटणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरते. कुरळ्या केसावर त्याला प्रत्येक वळणावर थांबावे लागते. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडे, राठ, ही कुरळ्या केसांची नेहमीची तक्रार. केसावर माशाच्या खवल्यांसारखे अतिशय बारीक आवरण असते. वळणावर हे खवले उचलले जातात, एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात आणि गुंता होतो.

पाण्याचे काम याच्या पुढचे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या धाग्यांना बांधून ठेवणारे बंध दोन तऱ्हेचे असतात. काही पक्के असतात, ते पाण्याने हलत नाहीत. काही कच्चे असतात. केस भिजला की हे कच्चे बंध सुटतात आणि सुकला की पुन्हा जुळतात. सुती सदरा ओला असताना ज्या घडीत ठेवाल तीच घडी वाळल्यावर त्याला पडते, तसेच हे आहे. ओली वेणी घालून निजलेल्या मुलीचे केस सकाळी लाटांसारखे दिसतात, ते याच कारणाने. आणि पावसाळी दमट हवेत सकाळची केशरचना दुपारी बिघडते, तेही याच कारणाने. हवेतले पाणी केसात शिरते, कच्चे बंध सुटतात आणि केस आपल्या मूळ वळणावर जातो.

पक्के बंध तोडायचे तर जालीम रसायन किंवा प्रचंड उष्णता लागते. कार्ल नेसलर नावाच्या जर्मन केशकाराने १९०६ साली लंडनमध्ये केसांना कायमचे कुरळे करण्याचे यंत्र लोकांना दाखवले. त्याआधीचे प्रयोग त्याने आपल्या बायकोवरच केले होते आणि त्यात तिचे केस जळाले, डोके भाजले. तेव्हा सरळ केस कुरळे करण्याचे वेड होते, आज कुरळे सरळ करण्याचे आहे. भाजून घेणारी बाईच.

आता घरी काय करावे ते सांगते.

न्हाण्यापासून सुरुवात करू. पाणी कोमट असावे, कढत नको. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी बोअरचे क्षारयुक्त पाणी असते. त्यात अंगाचा साबण डोक्याला लावला, की क्षार आणि साबण मिळून पांढरट साका तयार होतो, तो केसांवर बसतो आणि केस राठ लागतात. म्हणून साबण नकोच. सौम्य शाम्पू चालेल किंवा शिकेकाई. शिकेकाई उकळून वापरत असाल, तर पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्या. कुरळ्या केसांत तिचा भुगा अडकला तर तो काढताना केस तुटतात. शेवटचा तांब्या साठवलेल्या पावसाच्या किंवा गोड्या पाण्याचा मिळाला तर उत्तम.

न्हाण्याआधी खोबरेल तेल लावण्याची आजीची सवय चांगली होती. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सूर्यफुलाचे तेल, खनिज तेल आणि खोबरेल यांची तुलना केली. धुताना केसांतले प्रथिन निघून जाते, ते खोबरेलाने लक्षणीय कमी झाले. बाकी दोन्ही तेलांनी तसा फरक पडला नाही. हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतला होता, हेही सांगायला हवे. पण त्याचे कारण समजण्यासारखे आहे. खोबरेल केसाच्या आत शिरते, त्यामुळे पाणी आत शिरून केस फार फुगत नाही.

गुंता सोडवायची खरी वेळ केस ओले आणि बुळबुळीत असताना. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून ओल्या केसांना कंगवा लावू नये, असे आपण ऐकत आलो. सरळ केसांना ते लागू आहे. कुरळे केस मात्र कोरडे विंचरले की अधिक तुटतात आणि कापसासारखे पिंजून निघतात. तेव्हा कंडिशनर लावून किंवा जास्वंदीच्या पानांचा चीक चोळून आधी बोटांनी गुंता मोकळा करा, मग मोठ्या दातांचा कंगवा घ्या. लक्षात ठेवा, फणी उवांसाठी, कंगवा केसांसाठी. शिंप्याची रीत इथे कामाला येते. केसांची बट एका हाताने मधे धरा, म्हणजे मुळाला ओढ बसणार नाही. आधी शेवटची चार बोटे विंचरा, मग थोडे वर, मग आणखी वर. कंगव्यात केसांचा पुंजका आला तर घाबरू नका. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतातच. कुरळ्या केसांतून ते खाली पडत नाहीत, वळणात अडकून राहतात आणि न्हाण्याच्या दिवशी एकदम हाती येतात.

यानंतर पाणी टिपायचे. इथे आपला जुना पंचा जाड टॉवेलपेक्षा सरस. टॉवेलच्या धाग्यांचे फासे केसांचे खवले उचकटतात. मऊ झालेला पंचा, जुन्या लुगड्याची चौघडी किंवा वापरलेला सुती बनियन घ्या. डोके खाली वाकवा, केस त्यात अलगद गोळा करा आणि मूठ दाबून पाणी टिपा. घासायचे नाही, पिळायचे नाही, झटकायचे तर मुळीच नाही.

केस अजून ओलसर आहेत तोवर त्यांना वळण द्यायचे. त्यासाठी बाजारातले जेल हवे असे नाही. आपल्या मराठवाड्यात जवसाची चटणी घरोघर असते. त्याच जवसाचा चीक केसांना फार छान धरून ठेवतो. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात घालून मंद आचेवर ढवळत राहा. सात-आठ मिनिटांत पाणी दाट होते, पळीतून भेंडीच्या चिकासारखी तार सुटू लागते. लगेच खाली उतरवा आणि गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळा. थंड झाले तर गाळता गाळत नाही. हा चीक फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो. वास बदलला की टाकून द्यावा. तळहातावर थोडा घेऊन बटांवरून वरून खाली फिरवा, मग टोके मुठीत धरून मुळाकडे हलकेच दाबा. केस आपोआप आपल्या वळणात बसतात.

मोठे, सैल वळण हवे असेल तर केसांचे चार भाग करून सैल वेण्या घाला. बारीक वळण हवे असेल तर एकेक बट बोटाभोवती गुंडाळून सोडा. तीन वेण्यांनी एक तऱ्हा होते, आठांनी दुसरी. वेणी घट्ट नको. रोज ताणून घातलेल्या वेणीने कानशिलाजवळचे आणि कपाळावरचे केस विरळ होत जातात आणि ही ओढ वर्षानुवर्षे चालू राहिली तर ते परत येत नाहीत. लहान मुलींच्या शाळेच्या दोन वेण्या घालताना आयांनी हे ध्यानात ठेवावे. केस सपसपीत ओले असताना अंबाडा बांधून दिवसभर कामाला लागू नये. मुळे ओली राहतात, वास येतो, खाज सुटते.

मग? मग काही करायचे नाही. हेच सर्वांत अवघड. केस पूर्ण सुकेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. बंध जुळत असताना तुम्ही कंगवा फिरवला, की जुळते ते मोडते आणि केस फुलारतात. सावलीत, वाऱ्याला बसावे. आपल्याकडच्या वैशाखाच्या उन्हात केस चटकन वाळतात खरे, पण ते ऊन केसांचा रंग आणि ओलावा दोन्ही नेते. सुकल्यावर जवसामुळे केस जरा कडक लागतील. हातांना दोन थेंब तेल चोळून ते हलकेच चुरगाळा, मऊ होतात. रात्री निजताना जुनी रेशमी किंवा सॅटिनची ओढणी उशीवर अंथरली, तर घर्षण कमी होऊन वळण दुसऱ्या दिवशीही टिकते.

हेअर ड्रायर वाईटच, असेही नाही. कोरियातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ड्रायर १५ सेंटिमीटर अंतरावर धरून सतत हलवत ठेवला. त्याने झालेली एकूण हानी केस आपोआप सुकू देण्यापेक्षा कमी आढळली. कारण केस फार वेळ ओले राहणे हेही त्यांच्या आतल्या थरांना सोसत नाही. पण ड्रायर जवळ नेऊन उष्णता वाढवली, की वरचे आवरण खराब होत जाते. म्हणजे वीतभर लांब धरा, हात हलता ठेवा, झोत मंद ठेवा. तापवलेली इस्त्री ओल्या केसांना लावणे मात्र पाप समजावे. केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होते, केसात बुडबुडे धरतात आणि तिथेच तो तुटतो.

जुन्या घरांतून केस सुकवायची आणखी एक रीत होती, धुरीची. जुम्म्याच्या दिवशी न्हाऊन झाले, की आमच्या अम्मी ऊददाणीत निखारे घेऊन त्यावर लोबान टाकत आणि केस त्या धुरावर धरून बसत. बाळंतिणीची शेक-शेगडी तर हिंदू-मुसलमान दोघांच्या घरी. तो वास अजून नाकात आहे. पण दारे-खिडक्या लावून कोळशाचे निखारे जवळ घेऊन बसू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो. सुवासाची हौस असेल तर केस आधी वाळू द्यावेत आणि धुरी मोकळ्या हवेत, दोन मिनिटांची घ्यावी.

हे सगळे करायला वेळ लागतो. म्हणून तर मुली पार्लरची वाट धरतात. तिथे ‘केराटिन’, ‘स्मूदनिंग’ अशा नावांखाली जे लावले जाते, त्यातल्या काही उत्पादनांतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच त्याला माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवले. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ३३,४९७ महिलांची सुमारे ११ वर्षांची माहिती अभ्यासून २०२२ साली एक निष्कर्ष मांडला. केस सरळ करणारी रसायने न वापरणाऱ्या महिलांपैकी सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ते ४.०५ टक्के. या अभ्यासाने संबंध दाखवला, कारण सिद्ध केले असे नव्हे. तरीही ‘सरळ केस छान दिसतात’ एवढ्यासाठी किती किंमत मोजायची, याचा विचार करायला तो पुरेसा आहे. आणि पार्लरमध्ये दिवसभर तो धूर छातीत घेणाऱ्या मुलीचाही विचार करावा.

हा झाला हौसेचा भाग. केसांच्या गुंत्याचा एक भाग हौसेचा नाही, यातनेचा आहे. तो म्हणजे जट.

जट येते म्हणजे काय होते? आजारपणात, बाळंतपणात, दु:खात किंवा नुसत्या कामाच्या रेट्यात बाईकडून केस विंचरायचे राहून जाते. तेल, घाम आणि धूळ यांनी खवले एकमेकांत रुततात. एक गुठळी होते. कुरळ्या, दाट केसांत ती अधिक लवकर होते. त्याच वेळी कुणीतरी म्हणते, ‘देवी आली, कात्री लावू नको, घरावर कोप होईल.’ मग हळद-कुंकू वाहिले जाते, कंगवा बंद होतो, न्हाणे बंद होते आणि गुठळीची जट होते. ती ओल धरते, तिच्यात उवा होतात, वास येतो, वजनाने मान दुखते. अशा जटा आलेल्या कितीतरी मुली पूर्वी यल्लम्माला सोडल्या गेल्या, देवदासी झाल्या.

ही समजूत आपल्यापुरतीच नाही. पोलंडमध्येही काही शतके लोक अशा जटांना भीत. जट कापली तर आंधळेपण येईल, वेड लागेल, असे मानत. एकोणिसाव्या शतकात क्राको शहरातल्या योझेफ डीटल या डॉक्टरांनी हा आजारही नाही आणि कोपही नाही, निगेचा अभाव आहे, हे लोकांना पटवण्याची मोहीम चालवली. पुढे ते त्या शहराचे महापौर झाले. आज तिथे जट वैद्यकाच्या इतिहासातच उरली आहे.

आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती हे काम करते. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी गावोगाव जाऊन शेकडो महिलांना जटेतून मोकळे केले आहे. या कामात कात्री चालवायला थोडा वेळ पुरतो. वेळ जातो तो भीती काढण्यात. घरच्यांशी बोलावे लागते, पुन्हा जावे लागते, ‘काही झाले तर आम्ही आहोत’ असे सांगावे लागते.

जट कोवळी असेल, नुकतीच बोटभर गाठ धरली असेल, तर ती कात्रीशिवायही सुटते. भरपूर खोबरेल किंवा कंडिशनर लावून ती भिजू द्यावी, आणि टोकाकडून बोटांनी, मग कंगव्याच्या एका दातानेच बट बट मोकळी करावी. एका बैठकीत झाले नाही तर दोन बैठका कराव्यात. जुनी, घट्ट झालेली असेल तर कापावी. केस पुन्हा येतात.

तुमच्या गल्लीत, वस्तीत अशी कुणी असेल, तर तिला उपदेश करू नका. दुपारचे काम आवरल्यावर तेलाची वाटी आणि मोठ्या दातांचा कंगवा घेऊन तिच्या ओट्यावर जा. आधी इकडचे-तिकडचे बोला. तिने हो म्हटले, तर तिच्या पाठीशी बसा आणि शेवटच्या टोकापासून सुरुवात करा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)